“आता तू दादा ना!” : साडेचार वर्षांचा मुलगा, पाच आठवड्यांची बहीण आणि दिवाळीची सुट्टी

“हिला परत दवाखान्यात ठेवून ये, असं रोज म्हणतो. दुपट्याखाली हात घालून तिच्या पायाला चिमटे काढतो. दीड वर्ष रात्री कोरडा राहणारा पोरगा, सुट्टी लागून पाच दिवस झाले आणि चार रात्री गादी ओली. एवढा शहाणा होता हो, असा कसा झाला?”

दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न थोड्याफार फरकाने आमच्याकडे येतोच. इथे त्यातलं एक घर घेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलाचं नावही दिलेलं नाही. अर्थात त्याच्या घरातही त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, पण ते पुढे येईल.

आई बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी. सिझेरियन झालेलं. मुलगा ज्युनिअर केजीत, त्यामुळे शाळा बुडू नये म्हणून पुण्यात बाबांकडे आणि बाबांच्या आईकडे. बारशाला दोन दिवस येऊन गेला, बाकी सगळा व्हिडिओ कॉल. दिवाळीची सुट्टी लागली तसा तो आनंदाने साताऱ्याला आला. दारातच आजीने सांगितलं, “हळू, बाळ झोपलंय.” रात्री झोपायची सोय आजोबांजवळ, बाहेरच्या खोलीत. बाळंतिणीच्या खोलीचं दार बहुतेक वेळ लोटलेलं.

घरचे याला मत्सर म्हणत होते. आम्हाला तो शब्द अपुरा वाटतो. ऑस्ट्रियाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी पहिल्या मुलाची ही अवस्था पदच्युत राजासारखी असते असं म्हटलं होतं, आणि ते बरंचसं खरं आहे. पण या मुलाचं एकट्या बहिणीमुळे काही गेलं नव्हतं. पाच आठवडे आई नव्हती. मग शाळा बंद, म्हणजे रोजचा दिवसही गेला. अंथरूण बदललं, घर बदललं, माणसं बदलली. बहीण ही त्या सगळ्यात डोळ्यांना दिसणारी एकच गोष्ट, म्हणून राग तिच्या पायावर निघत होता. मोठ्या माणसालासुद्धा सुट्टीत दोन-तीन दिवसांनी कसंतरी होतं. चार वर्षांच्या मुलाला तर शाळेचा डबा, व्हॅन, दुपारची झोप यांवरूनच दिवस कळतो.

पहिल्या भेटीत आम्ही सल्ला जवळजवळ दिलाच नाही. एक वही करायला सांगितली. तीन दिवस, प्रत्येक प्रसंगासमोर चारच गोष्टी: किती वाजता, घरात कोण होतं, आई काय करत होती, त्याचं शेवटचं खाणं आणि झोप कधी. वही आली तेव्हा बहुतेक चिमटे संध्याकाळी चार ते सहाच्या मधले निघाले. त्या वेळेला बाळ बघायला माणसं येत, बाळाचं दूध चालू असे, आणि याची दुपारची झोप झालेली नसे. पोटात चिवडा आणि शंकरपाळे. स्वभाव बिघडला म्हणून आलेल्या आईला हे वेळापत्रक बघून हसूच आलं.

मग आधी दिवसाचा सांगाडा परत उभा केला. उठणं, जेवण, दुपारची झोप आणि रात्रीची झोप शाळेच्याच वेळेला, अर्ध्या तासाचा फरक चालेल. कागदावर पाच चित्रं काढून भिंतीला लावली. बारा काढू नका, मूल बघत नाही. संध्याकाळी साडेचारला, म्हणजे पाहुणे यायच्या आधी, पोटभर काहीतरी खाऊ घालून आजोबांबरोबर बाहेर. एवढ्याने चिमटे एकदम कमी झाले.

आता आईकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे होती. टाके ताजे. डॉक्टरांनी साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका सांगितलेलं, आणि हा सोळा किलोचा. तो “उचल” म्हणायचा, ती “नाही रे राजा” म्हणायची, आणि लगेच बाळाला उचलायची. त्याला टाके दिसत नव्हते, उचललेलं बाळ दिसत होतं. म्हणून वाक्य बदललं: “माझं पोट दुखतंय, त्याला बरं व्हायला वेळ लागेल. तू वर चढून ये.” पलंगाजवळ एक पक्कं स्टूल ठेवलं. तो स्वतः चढून आईच्या कुशीत, टाक्यांवर दाब येणार नाही असा बाजूला बसे. उचलून घेणं नाही, पण जवळ येणं त्याच्या हातात आलं.

आजींचा खोलीत येऊ न देण्याचा हट्ट अगदीच चुकीचा नव्हता. पाच आठवड्यांच्या बाळाला सर्दी-खोकल्यापासून जपायलाच हवं. पण बंद दारापेक्षा नियम बरा: बाहेरून आल्यावर कपडे बदलायचे, साबणाने हात धुवायचे, नाक वाहत असेल तर त्या दिवशी आईच बाहेर येईल. तोंडाची पापी नाही, पायाची चालेल. टाळूला हात नाही. आणि मोठं माणूस खोलीत नसताना दोघं एकत्र कधीच नाहीत, एक मिनिटसुद्धा. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. प्रेमाची घट्ट मिठीसुद्धा त्या वयाच्या बाळाला घातक ठरू शकते.

सगळ्यात बोचणारी गोष्ट आम्हाला त्याच्या खेळात सापडली. मातीची बाहुली पालथी घालून तो तिच्या पाठीवर जोरजोरात हात फिरवत होता. विचारलं तर म्हणाला, “मावशी बाळाला तेल लावतात. मी दारात असतो.” रोज सकाळी मालिशवाल्या मावशी येत, पाऊण तास तेल, आंघोळ, मग बाळाला झबलं घालून गुंडाळणं, घरातल्या तिन्ही बायका तिथे, आणि हा उंबऱ्याबाहेर. आंघोळीनंतर बाळ सलग झोपे. तीच वेळ आम्ही त्याला दिली. बाळ झोपलं की आई त्याच्या पायांना पाच मिनिटं तेल लावणार, पुढची दहा मिनिटं तो सांगेल ते. स्वयंपाकघरातला टायमर लावायचा, मोबाइल खोलीबाहेर.

पंधरा मिनिटं ऐकायला सोपी वाटतात, पण ती हमखास मोडतात. टायमर वाजला की मूल रडतं आणि घरचे म्हणतात, याने तर जास्तच हट्टी झाला. दोन मिनिटं आधी सूचना द्यायची आणि उद्याची वेळ सांगूनच संपवायचं: “उद्या, बाळाच्या आंघोळीनंतर.” मध्येच बाळ उठलं तर आजींनी पाच मिनिटं सांभाळायचं, अगदी पाजावंच लागलं तर राहिलेली मिनिटं त्याच दिवशी परत. ही वेळ शहाणपणाचं बक्षीस नाही आणि चिमटा काढला म्हणून कापायचीही नाही. आमचा अनुभव असा, की पालक पहिल्या चार दिवसांत नेमकी हीच कापतात.

आणखी एक छोटी युक्ती. दिवसातून एकदा तरी बाळाला थांबवायचं, तेही त्याला ऐकू जाईल असं: “थांब गं सोने, आधी दादाचं... नाही, आधी याचं बटण लावते.” बाळाला मिनिटभर थांबल्याने काही होत नाही. “बाळ झोपलंय”, “बाळाला पाजतेय”, “बाळामुळे बाहेर जाता येत नाही” हे दिवसभर ऐकणाऱ्या मुलाला ते एक वाक्य पुरतं. फटाके नको असतील तर कारण धुराचं, आवाजाचं सांगा. प्रत्येक नकाराचं बिल बाळाच्या नावावर फाडू नका.

इतक्या लहान बाळाला दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. त्या वेळेसाठी एक वेगळा डबा केला: खडू, जुने दिवाळी अंक, चित्रं चिकटवायला डिंक, पाण्याची बाटली, थोडे चुरमुरे. (शेंगदाणे नकोत, घशात अडकतात.) डबा फक्त पाजताना उघडायचा, नाहीतर दोन दिवसांत त्याची मजा जाते.

चिमटा काढलाच तर? हात धरायचा, “चिमट्याने दुखतं. मी काढू देणार नाही,” एवढंच म्हणायचं, बाळाला शांत करायचं, आणि मग याच्याजवळ बसायचं. त्या घरात चिमटा निघाला की तीन माणसं धावत येत आणि आई दहा मिनिटं त्याच्याशी बोले. म्हणजे आईला बोलावण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय त्याने शोधलाच होता! सक्तीचं “सॉरी” आणि सक्तीची पापी आम्ही दोन्ही बंद केलं.

गादीचं सांगायचं तर त्याचा युक्तिवाद बिनतोड होता: “तिने केली की सगळे हसतात. मी केली की ओरडतात.” गादीवर मेणकापड, झोपण्याआधी शू, पाणी दिवसभर भरपूर आणि झोपताना जरा बेताचं. सकाळी एक शब्द न बोलता चादर बदलायची, आणि पाहुण्यांसमोर हा विषय काढायचा नाही. कोरडं राहायला लागलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावंच. शू करताना जळजळ, ताप, सारखी तहान किंवा बद्धकोष्ठ असेल तर लगेच. इथे तसं काही नव्हतं. बोबडं बोलणं, बाटली मागणं यावर तर काहीच करायचं नाही. रोज थोडा वेळ त्याला दुपट्यात गुंडाळून “माझं मोठ्ठं बाळ” खेळायचं. मनासारखं बाळ होऊन झालं की बहुतेक मुलं स्वतःच उठून पळतात.

पाहुण्यांचा बंदोबस्त आजींनी फोनवर केला, आणि तो आमच्यापेक्षा त्यांना जास्त जमला. “बाळाला आम्ही घेऊन जाऊ का?” हा सगळ्यांचा लाडका विनोद. हा मनापासून “हो” म्हणायचा, मग मोठी माणसं हसायची आणि कुणीतरी रागवायचं. “आता तुझे लाड संपले” हे दुसरं. तिसरं म्हणजे “आता तू दादा ना!” बारशाच्या दिवशी बहिणीच्या कानात नाव सांगितलं गेलं आणि त्याच दिवसापासून याचं नाव गेलं. आजी, आजोबा, आई, फोनवर बाबा, सगळे “दादा” म्हणायला लागले, आणि ती हाक बहुतेक वेळा समज देण्यासाठीच असे. दादा असं करतात का? आम्ही सुचवलं, हाक नावानेच मारा. दादा त्याला बहीणच म्हणेल, बोलायला लागल्यावर. आईच्या तोंडातून महिनाभर ‘दादा’ निसटत राहिलं, ते चालायचंच.

आणि किल्ला. अंगणाच्या कोपऱ्यात चार विटा, चिखलात बुडवलेलं पोतं, वर लाल माती. पहिल्यांदा आजोबांनी इतका सुबक बांधला की याने लाथ मारून पाडला. दुसऱ्यांदा आजोबांनी हात मागे बांधले. गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो, त्याच्यासारखा तर तो मुळीच झाला नाही, पण त्याचा झाला. मातीवर अळीव पेरले. रोज हलकं पाणी शिंपडलं की चार-पाच दिवसांत हिरवळ येते. आईच्या लाडवांतही तेच अळीव आहेत हे कळल्यावर “आईच्या पोटात गवत उगवणार” ही बातमी त्याने गल्लीभर केली. पाहुणे आले की आधी किल्ला बघायचा, मग बाळ, असा क्रम ठरला.

नरकचतुर्दशीला उटणं आईनेच लावावं असा त्याचा हट्ट. ती खुर्चीवर बसली, पाठ आणि हात तिने, बाकी आणि पाणी बाबांनी. भाऊबीजेला मात्र घरच्यांनी फार मोठा बेत आखला होता: शेरवानी, फोटो, “बहिणीला सांभाळशील ना?” आम्ही तो दोन मिनिटांवर आणायला सांगितला. निरांजन आजींच्या हातात, बाळापासून लांब. बाळाचं बोट धरून आईने कुंकू लावायचं, वचन वगैरे काही मागायचं नाही. तबकात ओवाळणी म्हणून त्याने स्वतःहून एक मावळा ठेवला. भाला तुटलेला होता, पण ठेवला. बाळ तोंडात घालेल म्हणून आजींनी तो फडताळात वर ठेवून दिला.

सुट्टीनंतर याने एकट्याने पुण्याला जायचं आणि आईने तिसरा महिना संपेपर्यंत माहेरी राहायचं, असं आधी ठरलं होतं. ही दुसरी ताटातूट टाळता आली तर टाळा, असं आम्ही सांगितलं, आणि टाके तपासून डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर सगळे एकदमच परतले. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी कॅलेंडरवर दिवस खोडायला द्यावेत, आणि मूल झोपलेलं असताना चोरून निघू नये. त्यानंतर ते आठवडाभर रात्री उठून आई आहे का ते बघतं.

आईची विचारपूस आम्ही प्रत्येक वेळी वेगळी केली. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडू येत राहणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, कशातच मन न लागणं असेल तर तिला उपचारांची गरज आहे, आणि आधी ते. मुलाच्या बाबतीत खाणं-झोप महिनाभराहून अधिक बिघडलेली राहिली, बोलणं कमी झालं, स्वतःला इजा करायला लागला किंवा बाळाला इजा करणं वाढतच गेलं तर घरगुती उपायांवर थांबू नये.

शेवटचा फोन डिसेंबरमध्ये आला. गादी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री ओली, चिमटे बंद. बहीण त्याच्याकडे बघून हसायला लागली आहे आणि ती फक्त आपल्याकडेच बघून हसते असं त्याचं ठाम मत आहे. बाळ रांगून खेळण्यांपर्यंत पोचलं की पुन्हा कुरबूर होईल, हेही सांगून ठेवलं. तोवर त्याच्या वस्तूंसाठी एक वरचं कपाट मोकळं करा. ती परत कधी जाणार, हे तो अजून अधूनमधून विचारतो. आईने उत्तर पाठ केलंय: “ती इथेच राहणार. आज कंटाळा आला का तिचा?” बहुतेक वेळा तो म्हणतो, “हो, खूप,” आणि खेळायला जातो.