करिअर मार्गदर्शन : अकरा ‘थेरपीं’पैकी शिकायची कोणती?

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुमची कन्या सांगलीत मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे, तिला पुढे मानसोपचाराच्या क्षेत्रात जायचे आहे, आणि तिच्या वहीतली अकरा ‘थेरपीं’ची यादी तुम्ही सोबत जोडली आहे. या अकरांपैकी कशाला ‘स्कोप’ आहे आणि दोन शनिवार-रविवारांत ‘सीबीटी प्रॅक्टिशनर’ (सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा उपचार) करून देणाऱ्या ऑनलाइन वर्गाचे शुल्क भरावे का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो : आत्ता भरू नये. त्याचे कारण मात्र पहिल्या प्रश्नात आहे, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

यादीतले एकही नाव खोटे नाही. अडचण अशी की तिच्यात मनोविश्लेषण, समूहोपचार, अल्पकालीन उपचार आणि खेळोपचार एकाखाली एक लिहिले आहेत. तुमचे कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून तुमच्याच फळीवरचे उदाहरण घेतो. इमिडाक्लोप्रिड कीटकनाशक आहे आणि आंतरप्रवाहीही आहे; मॅन्कोझेब बुरशीनाशक आहे आणि स्पर्शजन्यही आहे. एखाद्या नव्या नोकराने ‘कीटकनाशक, बुरशीनाशक, आंतरप्रवाही, स्पर्शजन्य’ अशी औषधांच्या चार जातींची यादी करून आणली, तर तुम्ही ती त्याला परत कराल, कारण औषध कशावर चालते आणि कसे चालते या दोन कसोट्यांची त्यात सरमिसळ झाली आहे. मुलीच्या यादीत नेमके हेच घडले आहे. समूहोपचार हे नाव खोलीत किती माणसे बसतात ते सांगते, अल्पकालीन हे भेटी किती ते सांगते, खेळोपचार हे माध्यम सांगते, आणि मनोविश्लेषण हे दुखण्याचे मूळ कुठे शोधायचे ते सांगते. वर्गीकरण करायचे तर प्रत्येक पद्धतीला हे चारही प्रश्न विचारावे लागतात.

यांतला मुळाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. समजा, 26 वर्षांचा एक मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो आहे. पूर्वपरीक्षेत तो दोनदा थोडक्यात राहिला. आता अभ्यासिकेत जाऊन पुस्तक उघडले की छाती धडधडते, म्हणून त्याने अभ्यासिकेत जाणेच सोडले. आणि ‘काय झालं रे परीक्षेचं?’ असे कोणीतरी विचारणार, या धास्तीने गेल्या गणपतीत तो गावीही गेला नाही.

मनोविश्लेषणाच्या परंपरेतला उपचारक या धडधडीच्या मागे जाईल. नापास होणे म्हणजे या मुलाला नक्की कोणाच्या नजरेतून उतरणे वाटते, आणि ती भीती किती जुनी आहे, हे तो हळूहळू उलगडू पाहील. काही महिन्यांनी हा मुलगा त्या उपचारकाच्याही शाबासकीची वाट पाहू लागेल, आणि जुने नाते या खोलीत नव्याने उभे राहिले आहे हे ओळखणे हाच उपचाराचा गाभा ठरेल. व्हिएन्नातील डॉक्टर ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचे उन्मादावरील (हिस्टेरियावरील) पुस्तक 1895 मध्ये निघाले, तिथून ही परंपरा सुरू झाली असे सामान्यतः मानतात. आपल्या देशातही ती वाटते तितकी नवी नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था 1922 मध्येच स्थापन केली होती.

वर्तनोपचार करणारा भूतकाळात फारसा शिरणार नाही. अभ्यासिका टाळली की मुलाला तात्पुरते बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यामुळेच टाळण्याची सवय घट्ट होत जाते, हे तो कागदावर काढून दाखवील. मग पायऱ्या ठरतील : आज नुसते अभ्यासिकेच्या दारापर्यंत जायचे, उद्या आत पंधरा मिनिटे पुस्तक न उघडता बसायचे, नंतर एकच पान वाचायचे, आणि प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप उतरेपर्यंत उठायचे नाही. भीतीकडे असे पायरीपायरीने जाण्याची एक शिस्तबद्ध रीत दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पी यांनी 1950 च्या दशकात मांडली.

तिसरा उपचारक मुलाच्या मनातले वाक्य ऐकेल. ‘मी या वेळी पास व्हायलाच हवं, नाहीतर माझ्यात काही अर्थच नाही.’ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या पद्धतीचे सारे लक्ष या ‘च’वर असते. पास व्हावेसे वाटणे ही इच्छा झाली, ती शाबूत ठेवायची. व्हायलाच हवे हा हट्ट झाला, आणि दुखते ते त्या हट्टामुळे. इंग्रजीत यासाठी अख्खा शब्द खर्चावा लागतो, आपल्याकडे ते काम एका अक्षरात भागते, म्हणून ही पद्धत मराठीत शिकवायला फार सोयीची आहे असे माझे मत आहे. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून हा विवेकनिष्ठ उपचार महाराष्ट्रात रुजवला. जाहिरातीतली सीबीटी याच घराण्यातली. तिची दुसरी मोठी शाखा एरन बेक यांची, जी नैराश्यावरच्या कामातून वाढली.

कार्ल रॉजर्स यांच्या वळणाचा उपचारक गृहपाठ देणार नाही आणि वाक्येही दुरुस्त करणार नाही. निकालावरून किंमत न करता कोणीतरी आपले पूर्ण ऐकून घेते आहे, हा अनुभव मुलाला मिळाला तर पुढची वाट त्याची तो शोधील, असा त्याचा विश्वास असतो. कुटुंबोपचार करणारा मात्र एकट्या मुलाला घेऊन बसणारच नाही. तो आईवडिलांना बोलावील आणि फोनवर चौकशी आईच का करते, वडील बाजूला उभे राहून गप्प का असतात, हे सर्वांसमोर विचारील. त्याच्या दृष्टीने आजार त्या घराच्या बोलण्याच्या रीतीत आहे.

मुलगा तोच, धडधडही तीच. बदलले ते मूळ शोधण्याचे ठिकाण. मुलीने परीक्षेत वर्गीकरणाचे उत्तर या धाग्याने लिहिले तर ते पाठांतर वाटणार नाही. उपचार मनात किती खोलवर जातो, ही दुसरी कसोटी याला जोडावी. लुइस वोल्बर्ग यांनी केलेले तीन गट पाठ्यपुस्तकांत असतात : कोलमडलेल्या माणसाला टेकू देणारे आधारात्मक उपचार, सवयी आणि विचार बदलणारे पुनर्शिक्षणात्मक उपचार आणि व्यक्तिमत्त्वाची घडण बदलू पाहणारे पुनर्रचनात्मक उपचार. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात यांतला पहिला गट सर्वाधिक चालतो, आणि वर्गात त्याच्यावर सर्वांत कमी वेळ खर्च होतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

या कप्प्यांच्या भिंती पक्क्या नाहीत, हेही तिने लक्षात ठेवावे. एलिस आणि बेक दोघेही आधी मनोविश्लेषणातच शिकले होते. मार्शा लिनेहन यांची डीबीटी (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’) वर्तनोपचारातून निघाली, पण तिच्यात झेन या बौद्ध परंपरेतला, आहे ते आहे तसे मान्य करण्याचा स्वीकारही आहे. वैयक्तिक भेटी, कौशल्ये शिकवणारा गट आणि अडीअडचणीला फोनवर मदत हे सारे तिच्यात एकत्र चालते. ती कोणत्या एका कप्प्यात घालणार?

आता ‘स्कोप’विषयी. मागणी पद्धतीला नसते, ती आजार ओळखून योग्य पद्धत निवडणाऱ्या माणसाला असते. पुन्हापुन्हा हात धुण्याच्या मंत्रचळात भीतीला सामोरे जाण्याचा वर्तनोपचार उपयोगी ठरतो. सहा वर्षांच्या मुलाशी खेळातूनच बोलावे लागते. स्किझोफ्रेनियात औषधे आधी लागतात आणि मानसोपचार त्यांच्या जोडीने चालतो. ज्याला एकच पद्धत येते, तो येणाऱ्या प्रत्येकाला तीच देतो. फवारणीसाठी एकच बाटली ठेवणारा दुकानदार तुम्ही पाहिला असेल. म्हणूनच निदान शिकण्यापूर्वी सीबीटीचे प्रमाणपत्र घेऊ नये, असे मी म्हणतो.

वाटेविषयी थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्रे ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द बहुधा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांसाठी वापरतात. ती वाट एम.बी.बी.एस.वरून जाते, तुमच्या मुलीची नाही. तिला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचे असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत एम.ए.नंतरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यातले देखरेखीखालील प्रत्यक्ष काम यांचा उल्लेख आहे. मात्र 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवी बंद करण्याचे ठरवल्याने अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे, तेव्हा एम.ए.ला प्रवेश घेतानाच त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावी, कोणाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. शाळा, महाविद्यालय किंवा स्वयंसेवी संस्थेत समुपदेशक म्हणून काम करायचे असेल तर वाट तुलनेने मोकळी आहे, पण तिथेही एम.ए.शिवाय फारसे कोणी उभे करत नाही.

पद्धतीचे विशेष प्रशिक्षण त्यानंतर. तेव्हा ते अवश्य घ्यावे, आणि पैसे भरण्यापूर्वी फोन करून विचारावे : प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम करायला मिळेल, माझ्या भेटींची नोंद कोण तपासणार, आणि ती तपासणारी व्यक्ती स्वतः रुग्ण पाहते का? काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलीजवळ अशी सात प्रमाणपत्रे होती. पहिल्याच भेटीत समोरच्या बाईंनी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तेव्हा पुढे काय करायचे हे सातपैकी एकाही वर्गाने तिला शिकवलेले नव्हते. तिने ते प्रामाणिकपणे मला सांगितले आणि ती पुन्हा एम.ए.ला बसली.

मुलीला माझा निरोप द्या. यादीतले प्रत्येक नाव घेऊन चार रकाने आखावेत : मूळ कुठे, माणसे किती, भेटी किती, माध्यम कोणते. काही रकान्यांत दोन-दोन उत्तरे येतील, ती खोडू नयेत. तक्ता पूर्ण झाला की माझ्याकडे पाठवावा, मी तपासून परत करीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक