आधी डिस्ने, मग समुद्र

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि आठ व पाच वर्षांची दोन मुलं. येत्या मे महिन्यात १६ दिवस काढून फ्लोरिडातलं डिस्ने आणि त्याला जोडून एखादं बेट करायचं आहे. एजंट बहामाज सुचवतो. बेट आधी करावं की नंतर? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : बेट नंतरच. मेमध्ये फ्लोरिडाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस पहाटे तीन-चारलाच डोळे उघडतात आणि संध्याकाळी सहाला मुलं ताटावरच पेंगतात. थीम पार्कमध्ये ही मोडलेली झोप कामी येते. दार उघडायच्या आधीच तुम्ही तिथे हजर असता, आणि पहिल्या दोन तासांत होतात तेवढ्या राइड्स अख्ख्या दुपारभरात होत नाहीत. रात्रीची आतषबाजी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवसावर टाका.

बेट निवडताना फोटोंच्या आधी व्हिसा बघा. बहामाज वेगळा देश आहे, म्हणजे अमेरिकेबाहेर पडून पुन्हा इमिग्रेशनच्या रांगेतून आत यायचं. तुमच्यासाठी पोर्तो रिको बरं. तो अमेरिकेचाच प्रदेश असल्याने ऑर्लॅंडो (डिस्नेचं शहर) ते सान हुआन (पोर्तो रिकोची राजधानी) हे देशांतर्गत विमान आहे, जेमतेम तीन तासांचं. अमेरिकेचा व्हिसा पुरतो, चलन डॉलरच आणि मेमध्ये घड्याळही ऑर्लॅंडोचंच.

जाण्या-येण्याचे मिळून चार दिवस गेले की हातात बारा राहतात. सात ऑर्लॅंडोला, चार पोर्तो रिकोला आणि एक मोकळा. डिस्नेची पार्क्स चार आहेत : मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. तुमच्या मुलांच्या वयाला मॅजिक किंगडमचे दोन दिवस आणि अ‍ॅनिमल किंगडमचा एक हवाच. युनिव्हर्सल हे ऑर्लॅंडोतलंच, पण डिस्नेबाहेरचं थीम पार्क, त्याला दोन दिवस द्या. तिथल्या दोन पार्क्सना जोडणारी हॅरी पॉटरची रेल्वे पाहायची असेल तर 'पार्क-टू-पार्क' तिकीट लागतं, साध्या तिकिटावर त्या गाडीत बसू देत नाहीत. मध्ये एक दिवस हॉटेलच्या तलावावर काढा. तो कापून पाचवं पार्क घुसवलं की सहाव्या दिवशी मुलं रडतात, हे ठरलेलं. जळगावच्या ४४ अंशांची सवय असली तरी ऑर्लॅंडोचा उकाडा दमट आहे, घाम वाळतच नाही. दुपारी विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात, म्हणून मोठ्या राइड्स सकाळीच उरका.

पोर्तो रिकोत दोन रात्री जुन्या सान हुआनजवळ राहा, एल मोरो किल्ला पायी होतो. उरलेल्या रात्री पूर्व किनाऱ्याला, एल युंके वर्षावनाच्या बाजूला. कुलेब्रा बेटावरच्या फ्लेमेन्को किनाऱ्यासाठी सेइबाहून फेरी बोट सुटते. शनिवार-रविवारी तिची तिकिटं मिळणं कठीण, तेव्हा आठवड्याच्या मधला दिवस धरा. गाडी घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तिथल्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये पण वेगमर्यादा मैलांत असते. ५५ ची पाटी म्हणजे ताशी जवळपास ८८ किलोमीटर. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच बेट सोडा. दोन तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असली आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही.

चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, आणि मेच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीपासून तिकडची गर्दीही वाढत जाते. म्हणून मेचे पहिले तीन आठवडे धरा. व्हिसाची तयारी त्याआधीच्या दिवाळीपूर्वी सुरू करा. बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा मुंबईच्या दोन खेपा असतात, त्या लागोपाठच्या दिवशी मिळतात का पाहा. फी माणशी १८५ डॉलर, मुलांनाही तेवढीच, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं काहीही विकत घेऊ नका.

आणखी एक. मुंबईहून ही विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ६ तारीख, पहाटे ३.१५ असेल तर विमानतळावर ५ तारखेच्या रात्रीच पोचायचं आहे, म्हणजे जळगावहून गाडी ४ च्या रात्रीची किंवा ५ च्या सकाळची. इथे तारीख चुकून विमान गेल्याचे प्रकार दरवर्षी होतात.

प्रश्न : रांग टाळायला डिस्नेत जास्तीचे पैसे भरून पास घ्यावा का? धाकट्याला किती राइड्समध्ये बसू देतील? (एक वाचक, धुळे)

उत्तर : आधी उंची मोजा, पासचं नंतर बघा. तिथे बूट घालूनच मोजतात, तेव्हा घरीही तसंच मोजा. सेव्हन ड्वार्फ्सच्या खाणगाडीला ९७ सें.मी. चालतात. स्पेस माउंटन आणि अवतारची उड्डाणाची राइड ११२ मागतात, ट्रॉन १२२, आणि युनिव्हर्सलची व्हेलॉसिकोस्टर १३०. एक सेंटिमीटरही सूट मिळत नाही. ऐनवेळी मूल हिरमुसू नये म्हणून यादी घरीच सांगून ठेवा. धाकटा बसू शकत नसेल तर दारावर 'रायडर स्विच' मागा : एक पालक त्याच्याजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा लांब रांग लावावी लागत नाही. याचे पैसे नाहीत.

लाइटनिंग लेन मल्टी पास फक्त मॅजिक किंगडमच्या दिवशी घ्या, बाकी पार्क्स पहाटेच्या हजेरीवर निभावतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो सात दिवस आधी मिळतो, इतरांना तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सातला. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार झालेले असतात. त्या दिवशी तुम्ही अजून धुळ्यातच असलात तर अ‍ॅप, तिकिटं आणि कार्ड आधीच जोडून तयार ठेवा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. शेव, केळीचे वेफर्स, काळा मसाला न्यायचा आहे. चालेल का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : शेव आणि तळलेले वेफर्स बंद पाकिटात खुशाल न्या. ताजी केळी, आंबे, भाज्या, बियाणं नाही. कस्टम्सच्या वेळी खाण्याच्या वस्तू आहेत असं स्पष्ट सांगा. वस्तू काढून घेतली तर फक्त वस्तू जाते, लपवली तर दंड होतो.

मसाल्याचा खरा धोका अमेरिकेत नसून वाटेत आहे. खान्देशी काळ्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस भाजून घालतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि दुबईला नुसतं विमान बदलणाऱ्यालाही ते लागू आहे. त्या मार्गाने जाणार असाल तर बिनखसखशीचा मसाला वेगळा कुटून घ्या. मसाला, चटणीपूड, मेतकूट सगळं चेक-इन बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात साधारण ३५० मि.लि.हून जास्त पूड केबिन बॅगेत सापडली तर अडवतात.

डिस्नेत घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी आणि दारू नको. खोली घेताना स्वयंपाकाची सोय असलेलीच घ्या. सकाळी पोळ्या लाटून डबा नेला की दिवसाचा खर्च निम्म्यावर येतो, आणि काउंटरवर प्रत्येक पदार्थात काय घातलंय ते विचारत बसावं लागत नाही. येताना सान हुआनच्या विमानतळावर बॅगांची कृषी तपासणी होते, तिथला आंबा बॅगेत घालू नका.

प्रश्न : आमच्याकडे आठच दिवस आहेत, सोबत ६८ वर्षांची आई आहे, तिला इन्सुलिन चालू आहे. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : आठ दिवसांत अमेरिका करू नका. सिंगापूर आणि लंकावी करा. वेळेचा फरक अडीच तासांचाच, त्यामुळे आईंच्या इन्सुलिनच्या वेळा फारशा हलत नाहीत. सेंटोसावरचं युनिव्हर्सल एका दिवसात होतं. सिंगापूरहून लंकावीला दीड तासाचं विमान आहे. परतीला क्वालालंपूरवरून मुंबई गाठा, म्हणजे सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरायला नको. लंकावीला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जास्त, डिसेंबर ते मार्च कोरडं. जानेवारीचा दुसरा आठवडा उत्तम, तेव्हा सिंगापूरच्या शाळा सुरू झालेल्या असतात. मलेशियाची व्हिसा-सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर आहे, त्यापुढच्या तारखा असतील तर व्हिसाचं आधी बघा. दोन्ही देशांचं ऑनलाइन आगमन-कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं.

इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इन बॅगेत ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा. विमा घेताना मधुमेह लपवू नका. आधीचा आजार धरणारी पॉलिसी महाग पडते, पण दावा फेटाळला गेला तर तो खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो. आणि घरात कोणाला तंबाखू किंवा गुटख्याची सवय असेल तर बॅगेत एक पुडीसुद्धा राहू देऊ नका. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे.