पाणीपट्टी समान असावी की वापराप्रमाणे?

प्रश्न : मुंबईच्या उपनगरातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत २४ लहान आणि १६ मोठ्या सदनिका आहेत. पाणीपट्टी व मलनिस्सारण आकार आजवर सर्वांना समान लावला जात असे. आता मोठ्या सदनिकांना चटईक्षेत्रानुसार अधिक रक्कम लावण्याचा व्यवस्थापक समितीचा विचार आहे. आम्ही दोघेच ज्येष्ठ नागरिक मोठ्या सदनिकेत राहतो, तर शेजारच्या लहान सदनिकेत सहा माणसे आहेत. न्याय्य पद्धत कोणती?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या संस्थेने महाराष्ट्रातील आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराची नमुना नियमावली, स्वीकारले असतील, तर आजची समान विभागणी आणि समितीने सुचवलेली क्षेत्रफळाची कसोटी या दोन्ही त्यांत बसत नाहीत. समान वाटणी सेवाशुल्काची होते. पाणीपट्टी मात्र प्रत्येक सदनिकेत येणाऱ्या नळजोडण्यांची एकूण संख्या व आकार यांवरून ठरवावी, असे उपविधी सांगतात. समजा, लहान सदनिकेत प्रत्येकी ४ आणि मोठ्या सदनिकेत ७ सारख्याच आकाराच्या जोडण्या आहेत, म्हणजे एकूण २०८, आणि एका देयकातील पाणीपट्टी १०,४०० रुपये आहे. तर प्रत्येक जोडणीमागे ५० रुपये येतात व लहान सदनिकेला २००, मोठीला ३५० रुपये भरावे लागतात. मुंबईत मलनिस्सारण आकार पाणीपट्टीच्या ७० टक्के या प्रमाणात लावला जात असल्याने तोही त्याच प्रमाणात विभागणे तर्काला धरून होते : अनुक्रमे १४० आणि २४५ रुपये. समान वाटणीत या दोन्ही बाबींपोटी प्रत्येकाने ४४२ रुपये भरले असते.

या नियमाने आपले समाधान होणार नाही, हे उघड आहे, कारण जोडणी म्हणजे वापर नव्हे. दोन माणसांच्या घरातील तिसरे स्नानगृह महिनोन्‌महिने कोरडे राहू शकते. तरीही माणशी आकारणीची मी शिफारस करणार नाही. पाहुणे, भाडेकरू, शिक्षणासाठी बाहेर गेलेली मुले यांची मोजदाद ठेवण्याचे काम ज्या समितीने अंगावर घेतले, तिची प्रत्येक सभा त्याच वादात जाते. वापरावर आधारलेला खरा उपाय म्हणजे सदनिकानिहाय मीटर. अडचण अशी की, जुन्या इमारतींत गच्चीवरील टाकीतून स्वयंपाकघर, स्नानगृह व शौचालय यांच्यासाठी स्वतंत्र उभ्या नळवाहिन्या उतरतात, त्यामुळे एकाच घराला तीन-चार मीटर बसवावे लागतात. नव्या इमारतीत हे काम बांधकामावेळीच सोपे असते. आपल्याकडे मोठ्या दुरुस्तीत वाहिन्या बदलताना त्याचा विचार व्हावा. मीटर बसले, तरी गळती, टाकीची सफाई व बागेचे पाणी यांमुळे मुख्य मीटर आणि घरांच्या मीटरची बेरीज जुळणार नाही. ती तफावत सर्वांनी समान वाटून घ्यावी.

सध्या मात्र देयक एकदा नीट वाचावे, असे मी सुचवेन. माणशी दररोज १५० लिटरपलीकडच्या निवासी वापराला पालिका टप्प्याटप्प्याने दुप्पट, तिप्पट व चौपट दर लावते आणि हा हिशेब संपूर्ण इमारतीच्या मीटरवर होतो. म्हणजे काही घरांच्या उधळपट्टीमुळे चढलेला दर काटकसरीने राहणाऱ्यांच्याही माथी बसतो. जोडण्यांवरून होणाऱ्या विभागणीतील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, असे माझे मत आहे. देयकात वाढीव दराची रक्कम दिसत असेल, तर गळती शोधणे आणि पालिकेकडील सदनिकांची नोंद तपासून घेणे, ही दोन कामे वाटणीच्या वादाआधी उरकावीत.

समितीने आधी प्रत्येक घरातील जोडण्यांची पाहणी करून यादी सदस्यांसमोर ठेवावी. नंतर वाढवलेल्या जोडण्याही त्यात मोजल्या जाव्यात. उपविधींपेक्षा वेगळी पद्धत हवी असल्यास समितीचा ठराव पुरेसा नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेत उपविधी दुरुस्तीचा ठराव संमत करून ती दुरुस्ती निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावी लागते. नोंदणी होईपर्यंत जुनाच उपविधी लागू राहतो.