दरवाझाची आग वाळू टाकून का विझवत नाहीत?

तुर्कमेनिस्तानातल्या दरवाझाच्या जळत्या खड्ड्याचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय, की इतकी वर्षं गॅस वाया जातोय तर वाळू लोटून आग विझवत का नाहीत? मी मुंबई हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या, प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस कामाचे, चौदा घरचे, अशी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे फ्लेअरची (नको असलेला गॅस जाळून टाकणाऱ्या नळीची) ज्योत विझली की आमची धावपळ व्हायची. जळणाऱ्या गॅसपेक्षा न जळता सुटणाऱ्या गॅसची धास्ती जास्त.

दरवाझालाही तेच लागू पडतं. अश्गाबादच्या उत्तरेला साधारण २६० किलोमीटरवर, काराकुम वाळवंटात हा खड्डा आहे. रुंदी ७० मीटरच्या आसपास, खोली सुमारे ३०. (नावातला शब्द आपला दरवाजाच, फारसीतून तिकडेही गेलेला.) गॅस एका तोंडातून येत नाही, तळाच्या आणि कडांच्या असंख्य भेगांमधून झिरपतो. वर वाळू ओतली तर ज्वाळा दिसेनाशा होतील, पण गॅस बाजूने वाट काढेल आणि त्यातला मिथेन तसाच हवेत जाईल. जळला की मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात न जळलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे नुसती आग विझवणं हे आग चालू ठेवण्यापेक्षा वाईट. हवेत मिसळलेला, दाब नसलेला गॅस तिथून गोळा करणंही परवडत नाही.

१९७१ साली सोव्हिएत ड्रिलिंगमध्ये जमीन खचली, आठवड्याभरात गॅस संपेल म्हणून पेटवून दिला, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. तिला कागदाचा आधार नाही. २०१३ मध्ये जॉर्ज कुरूनिस हे कॅनडाचे साहसवीर उष्णतारोधक सूट घालून थेट तळाशी उतरले. तिथल्या भूवैज्ञानिकांकडून त्यांनी ऐकलं ते वेगळंच: जमीन १९६०च्या दशकात खचली, आग लागली १९८०च्या दशकात. त्यांनी आणलेल्या तळाच्या मातीत जिवंत जिवाणू सापडले! मला तर ज्वाळांपेक्षा याचंच जास्त नवल वाटतं.

खड्डा बंद करा, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुर्बांगुली बेर्दीमुहामेदोव यांनी २०१० मध्ये सांगितलं, २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. खरा उपाय खड्ड्यात नाहीच, आजूबाजूला आहे. शेजारी विहिरी खोदून गॅस तिकडून ओढायचा, म्हणजे खालचा दाब उतरतो आणि आग आपोआप मंदावते. तेच झालं. आग तिपटीने कमी झाल्याचं जून २०२५ मध्ये तुर्कमेनगाझ या सरकारी गॅस कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. पूर्वी कित्येक किलोमीटरवरून दिसणारा उजेड आता क्षीण झालाय. तुम्ही टाकलेला फोटो जुना असणार.

जाणार असाल तर त्याच रस्त्यावरचे दुसरे दोन खड्डेही बघा, एक पाण्याचा, एक चिखलाचा. पाण्याच्या खड्ड्यात आग नाही. पाण्यात नुसते बुडबुडे येत राहतात, आणि तो गॅस न जळताच वर जातो.