शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) मुक्काम ३० दिवस लिहिलाय, पण तारखा ४५ दिवसांच्या आहेत. नेमकं किती दिवस राहता येईल?

३०च दिवस. त्या दोन तारखांच्या आत कधीही जा, पण एकूण मुक्काम ३० दिवसांच्या वर जाता कामा नये. जादाचे १५ दिवस सहसा बेत पुढे-मागे झाला तर हाताशी असावेत म्हणून दिलेले असतात. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो एक दिवस गेला. इथेच बरेच जण चुकतात, म्हणून कॅलेंडरवर बोट ठेवून मोजाच.

व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ०१, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल तर मधेच लंडनला जाऊन परत पॅरिसला येता येणार नाही, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही.

हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसा असला तरी सीमेवर विचारू शकतात.