नवीन व्हर्जन आलं म्हणून लगेच टाकू नकोस

खानापूरहून रोज बसनं बेळगावला येतोस, वाटेत मोबाईलवर नव्या टूलचे व्हिडिओ बघतोस, आणि ऑफिसात पोचलास की पहिलं काम अपडेट! असं करू नकोस बाबा.

माझंच सांगतो. निपाणीतल्या एका तंबाखू व्यापाऱ्याचं बिलिंग मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत केलं होतं. छान चाललं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि मी हौसेनं त्यांच्याच मशीनवर टाकलं. सकाळी फोन, "बिल निघेना झालंय!" स्क्रीनवर एकच ओळ: 'डिस्टयुटिल्स' नावाचं मॉड्यूल (पायथनसोबतच येणारा, पॅकेजं म्हणजे तयार कोडचे संच बनवायचा-बसवायचा कोड) नाही. ३.१२ मधून ते काढून टाकल्याचं रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या व्हर्जनसोबतच्या बदलांच्या यादीत, स्वच्छ लिहिलं होतं. वाचलं कुणी? दारात गाड्या उभ्या, आणि शेठजी हातानं पावत्या फाडतायत.

तेव्हापासून रिलीज नोट्स उघडल्या की मी आधी 'रिमूव्ह्ड' (काढून टाकलेलं) आणि 'डेप्रिकेटेड' (आता वापरू नका म्हणून सांगितलेलं) हे दोन भाग बघतो. नवलाईचं नंतर. व्हर्जनचा पहिला आकडा बदलला तरच जुना कोड मोडतो, असं पुष्कळजण सांगतील. पायथनला ते लागू नाही, इथं मधला आकडाही (३.१२.० मधला १२) दणका देतो.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व (त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजं ठेवायची स्वतंत्र जागा) कर, पॅकेजांची व्हर्जनं फाईलीत पक्की लिहून ठेव. पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं आणि ५ वर्षं सांभाळलं जातं, म्हणजे घाई कसली? घरच्या लॅपटॉपवर खुशाल खेळ. गिऱ्हाइकाच्या मशीनला मात्र दोन-तीन महिने हात लावू नकोस.