पंचशील रोजच्या जगण्यात कसं आणायचं?

विहारात पंचशील, म्हणजे बौद्ध आचरणाचे पाच नियम, म्हणतो, पण बाहेर ते पाळायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. प्रत्येक शीलाच्या शेवटी येणारं पाली 'सिक्खापदं समादियामि' म्हणजे शिकण्याचा नियम स्वीकारतो. ही आज्ञा नाही, सराव आहे. म्हणून आधी एकच शील धरा.

मी चौथं धरलं, खोटं न बोलण्याचं. भाड्याची खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात. पूर्वी मी गुळमुळीत उत्तर द्यायचो. आता दारात उभं राहून तीन श्वास शांतपणे घेतो आणि आडनाव स्पष्ट सांगतो. दोन खोल्या हातच्या गेल्या, पण रात्री झोप लागली.

आणि बौद्ध शिकवणीतली मैत्री, म्हणजे सगळ्यांबद्दल सद्भाव, याचा अर्थ अन्याय गिळणं नव्हे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. आवाज न चढवता, पण ठामपणे विचारा, "आडनाव कशाला हवं?"